हरूच्या माडाचं पाणी

नाही हो, चोर कसली! चोर नाही ती. आमची धाकटी आहे, माझी जाऊ — जयवंती. तुमचं फाटकातून आत येणं आणि आमच्या सासूबाईंचं तोंड सुटणं, एकच गाठ पडली बघा. त्यात तुम्ही त्या एव्हरशाईन बिल्डिंगच्या, पहिल्यांदाच आलेल्या, तुम्हाला वाटणारच की काय बाई हे घर, रिक्षात बसणाऱ्या आजारी बाईला चोरटी म्हणून ओरडतात — बसा ना, उभ्या का? त्या बाकावर बसा, तिथे मुंग्या नाहीत. शहाळी उतरवलेलीच आहेत, देते निवडून, पण आधी हे एक प्या, उन्हातून आलात. पातळ मलईचं आहे. घ्या. पेल्यातच ओतते, आमच्याकडे नळी-बिळी नाही — काय म्हणत होते मी? हां. चोर नाही ती. तेवढं डोक्यातून काढून टाका. ह्या घरात एक नारळ कधी इकडचा तिकडे झाला नाही तिच्या हातून. आता मी असं म्हणते आणि सासूबाई तसं म्हणतात, मग खरं कोणाचं — असं तुमच्या मनात आलं असेल. येऊ दे. त्या गेल्यात आता देवळात, तासभर येत नाहीत, म्हणून बोलते. एरवी नाही बोलत मी.

फोन वाजला का हो? नाही ना. मला सारखा वाजल्यासारखा वाटतो. आमचे हे गेलेत ना तिच्याबरोबर, पोचल्यावर करतो म्हणाले. मागच्या खेपेला मशीनवर असतानाच तिचं प्रेशर एकदम खाली गेलं, डोळे फिरवले तिने, तेव्हापासून मला ती गेली की काही सुचत नाही. भात लावते आणि विसरते. मघाशी फुलांना पाणी सोडलं ते अजून चालूच आहे बघा, थांबा हं, एवढा पाट वळवून येते —

झालं. मोगरा सगळा चिखलात. असू दे. तर डायलिसिस हो, डायलिसिस. किडनी गेल्यात दोन्ही. हातात सुया घालतात अशा जाड, एकीतून रक्त बाहेर, मशीनमध्ये धुतात, दुसरीतून आत. चार-चार तास पडून राहायचं. आणि मग घरी आल्यावर सुद्धा सुख नाही, कारण खाण्यापिण्याचं एवढं बंधन — मीठ नाही, केळं नाही, शहाळ्याचं पाणी तर थेंबभर नाही. म्हणजे बघा काय नशीब! उमेळ्यासारख्या बागायती गावात राहायचं, दारात केळी, दारात माड, आणि दोन्ही बंद. माझं माहेर आगाशीचं, माझी आई दरवर्षी सुकेळी पाठवते, उन्हात वाळवलेली केळी, पानात बांधलेली, ही जयवंती त्याच्यावर जीव टाकायची. आता पार्सल आलं की मी फडताळात वरती सारते, तिला वास नको यायला म्हणून. वास येतोच. ती नाकपुड्या तेवढ्या फुलवते आणि हसते. आणि पाणी! पाणी पण मोजून, हो. दिवसाचं एक छोटं भांडं भरून ठेवायचं, त्यातच सगळं — चहा, औषध, घोट घोट. उन्हाळ्यात काय हाल होतात, मी बघितलेत. विहिरीवर पंप चालू असला की ती तिथे जाऊन बसते, पाटाच्या पाण्यात पाय सोडून. म्हणते, ताई, पायांना तरी पिऊ दे. असं बोलते, आणि आपणच हसते. मला नाही हसू येत.

तर ते शहाळ्याचंच सगळं. सासूबाई चोरटी म्हणतात ते त्याचंच. बंदी असताना चोरून शहाळी प्यायची, आणि त्याने मरता मरता वाचली — अशी गोष्ट आहे आमच्या घरातली. सगळ्यांना तीच माहीत. म्हणून मग जाताना दर खेपेला ते ओरडणं — चोरटे, तिथे जाऊन काही ढोसू नकोस, जगन्नाथ, लक्ष ठेव तिच्यावर. जगन्नाथ म्हणजे आमचे हे. अहो, पण त्यात राग नसतो नुसता. मी ओळखते ना माझ्या सासूला. ती रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत फाटक धरून उभ्या असतात आणि मग तडक देवळात. कोणासाठी जातात? तिच्याचसाठी. पण तोंडाने चोरटी. दोन वर्षं होत आली हे ऐकतेय मी. आणि ती ऐकून घेते. ती तर मान खाली घालून, हो आई, नाही पिणार आई —

काय? तरुण? हो, तरुणच आहे, चाळिशीसुद्धा नाही. एवढ्या लवकर किडनी कशाने? आता काय सांगायचं... असते एकेकाची प्रकृती. साखर नाही, प्रेशर नव्हतं. औषधंच खूप झाली हो, कडक औषधं — म्हणजे टीबीची. टीबीची चालू होती ना. नाही, टीबी आता नाही, तो मागेच — ती दुसरी औषधं. दर महिन्याला मुंबईला जाऊन आणायची. सरकारी आहेत, फुकट देतात, चांगली आहेत, त्यांनीच तर ती उभी राहिली, नाहीतर आमचा दीर गेला तेव्हाच ती पण —

आता बघा. तुम्ही पेला खाली ठेवलात.

कळलं ना तुम्हाला. मी पण कशी, जीभ म्हणजे नुसता सुटलेला पाट. हो. तेच. एचआयव्ही. आता म्हटलं एकदाचं. दिराला होतं, त्याच्याकडून तिला. पेल्याने होत नाही ताई, शहाळ्याने होत नाही, ह्या अंगणात बसल्याने होत नाही. मुलगी आहे तिची, कृतिका, बारावीला आहे, तिला सुद्धा नाही, तपासलंय दोनदा. जायचं तर जा, मी वाईट वाटून नाही घेणार. एकच करा, तुमच्या बिल्डिंगमध्ये बोलू नका. आमची फुलं, पानं, शहाळी सगळी तिकडेच जातात आता, लोक घेणार नाहीत उद्यापासून. ...बसताय? बसा. मग तो पेला पण संपवा, नाहीतर माझा जीव त्याच्यातच अडकून राहील.

हरेश्वर नाव त्याचं, आमच्या दिराचं. घरात हरू. काय देखणा होता, आणि गोड बोलणं! पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जायचा, बाजारात गाळा होता एकाच्या भागीत, दोन-दोन दिवस तिकडेच राहायचा. कुठून आणलं ते त्याला ठाऊक, आणि तो गेला ते बरोबरच घेऊन गेला. मी नाही बोलत त्याच्याबद्दल वाईट. शेवटी शेवटी एवढासा झाला होता, पडवीत खाटेवर, आणि जयवंती त्याला लहान मुलासारखं कुशीत घेऊन भरवायची. तो गेला नव्व्याण्णव साली, श्रावणात. तिची तपासणी त्याच्या आधीच झाली होती. सासूबाईंनी काय करावं? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं अंथरूण पडवीत टाकलं. ताट वेगळं, पेला वेगळा, तांब्या वेगळा. पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. देवाची फुलं तोडायची नाहीत — विकायची तोडायची, देवाची नाही. कृतिका आत माझ्याजवळ झोपायची आणि आई पडवीत, मध्ये दार. मी यांना म्हणायचे, अहो, काहीतरी बोला, डॉक्टर सांगतात तसं काही नसतं. हे आईपुढे बोलतील तर ना! आणि सासूबाईंचं पण — मुलगा गेला त्यांचा. कोणावर तरी टाकायचं होतं. हिच्यावर टाकलं. हिने नवऱ्याला खाल्लं म्हणायच्या, आणि उलटं आहे हे त्यांना पण कळत होतं.

तशी सात वर्षं काढली तिने पडवीत. सरकारने त्या गोळ्या चालू केल्या तेव्हा तिचं वजन किती होतं माहीत आहे? कृतिकाएवढं. गोळ्यांनी मग अंग धरलं, केस आले, पुन्हा गजरे ओवायला बसायला लागली. मला वाटलं, सुटलो.

मग ते चिकनगुनियाचं साल आलं. तुमच्याकडे पण झाला असेल, कोणाला सोडला नाही त्याने. आमच्या घरात सगळे आडवे — सासूबाई, हे, मी, कृतिका, पलीकडचा पीटर, त्याची बायको इझाबेल. सांधे असे धरलेले की मोरीपर्यंत रांगत जायचं. आणि उभी कोण? जयवंती. एकटी. कशी राहिली देव जाणे, तिला व्हायचा तर सगळ्यात आधी व्हायचा. चूल तिने पेटवली, माठ तिने भरला — कोण अडवणार होतं? — पीटरच्या घरी पेज पोचवली, आणि सासूबाईंच्या उशाशी जाऊन बसली वाटी घेऊन. मी पलीकडच्या चटईवर पडून बघतेय. त्यांनी तोंड फिरवलं भिंतीकडे. ती बसून राहिली. पेज गार झाली. ती उठली, गरम करून आणली, पुन्हा बसली. मग त्यांनी तोंड वळवलं आणि आ केला. तेवढंच. मी रडले पडल्या पडल्या, सांध्यांमुळे डोळे पण पुसता येईनात.

तर हे सगळं होऊन लोक उठले-बसले, आणि तिचे पाय सुजायला लागले. लघवीला साबणासारखा फेस. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं नि म्हणाले, ह्या आजाराने किडनीला धरलंय, गोळ्या चालू व्हायच्या आधीपासूनच आत काम चालू असणार. काही गोळ्या बदलल्या, काही कमी केल्या. आणि तिथल्या बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, हे चालेल, हे नाही चालणार. घरी येऊन तिने आम्हाला काय सांगितलं? मीठ कमी. बस, एवढंच. म्हणाली, किडनीला थोडी सूज आहे, मीठ कमी खायचं. मी वेगळी भाजी काढायला लागले तिची. शहाळ्याचं नाव नाही काढलं तिने. आम्हाला काय कळणार? आमच्याकडे अशक्त माणसाला शहाळंच देतात. बाळंतिणीला शहाळं, तापाला शहाळं.

ते कसं झालं ते सांगते. ती मुंबईहून आली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. विहिरीजवळ तो माड दिसतो ना, थोडा वाकलेला — तो हरूचा. त्याच्या बारशाला लावलेला सासूबाईंनी. त्याची शहाळी त्या विकत नाहीत, कोणाला देत पण नाहीत, नारळ होतात आणि देवाला जातात. त्या दिवशी सकाळी त्यांनी माडावर चढणाऱ्याला सांगून त्याची पेंड, शहाळ्यांचा अख्खा घड, उतरवली. मी म्हटलं, काय आहे आज? तर कोयता घेऊन बसल्या. बोटं अजून आखडलेली होती त्यांची, कोयता नीट धरता येत नव्हता, तरी माझ्या हातात दिला नाही. स्वतः शहाळं सोललं, स्वतः पेल्यात पाणी ओतलं. आणि पडवीत गेल्या. जयवंती सुया-दोरा घेऊन बसलेली गजऱ्यांना. तिच्यापुढे पेला धरला आणि म्हणाल्या, घे बाय, हरूच्या माडाचं आहे.

बाय म्हणाल्या. तोवर ए म्हणायच्या नाहीतर काहीच म्हणायच्या नाहीत.

ती बघतच राहिली. मी दारातून बघतेय, मला वाटलं, हिला भरून आलंय म्हणून घेत नाही. घेतला मग. प्यायली. सासूबाई समोर उभ्या, संपेपर्यंत. आणि मग ताई, त्यांनी हात पुढे केला, तो उष्टा पेला घेतला तिच्या हातातून, मोरीवर नेला, स्वतः घासला आणि आतल्या मांडणीवर ठेवला. आमच्या पेल्यांत. जयवंती उठून दारापर्यंत आली बघायला — कुठे ठेवतात ते. उंबऱ्याच्या आत नाही आली, सवयच नव्हती, बाहेरूनच मान लांब करून बघितलं. त्या संध्याकाळी तिचं अंथरूण आत आलं. कोणी सांगितलं नाही, सासूबाईंनीच ओढून आणलं.

मग रोज. रोज सकाळी हरूच्या माडाचं एक शहाळं, ती पेंड संपली तर दुसऱ्या माडाचं, पण त्यांच्या हातचं. आणि ती प्यायची. मला वाटायचं, बरं चाललंय. चेहरा सुजरा दिसायचा तर मी म्हणायचे, अंग धरलंय.

आणि एक दिवस मोगरा तोडता तोडता खाली बसली. म्हणाली, ताई, पाय माझे नाहीत. असंच म्हणाली — माझे नाहीत. उचलायला गेले तर हात पण लोळागोळा. पीटरने जीप काढली, आम्ही घातली तिला. पहिल्या हॉस्पिटलात नेली — नाव नाही घेत, आता काय उपयोग — त्यांनी छातीची पट्टी, तो ईसीजी, काढला आणि धावपळ सुरू केली, ताबडतोब डायलिसिस म्हणाले, हृदय बंद पडतंय. आमच्या ह्यांनी खरं सांगितलं, की असा असा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. सांगायलाच हवं ना? अहो, ती धावपळ थांबली. नुसती थांबली. जसं पंपाचं बटण बंद करावं. एक डॉक्टर आत गेला, बाहेर आला, म्हणाला मशीन नादुरुस्त आहे. आत मशीनचा आवाज येतोय, बाजूच्या खाटेवर माणूस लावलेला दिसतोय, आणि हा म्हणतो नादुरुस्त आहे. सासूबाई होत्या ना बरोबर. त्यांनी त्याचा कोट धरला. अशा मुठीत. म्हणाल्या, माझी सून आहे ती. मी कधी ऐकलं नव्हतं त्यांच्या तोंडून, सून. तो म्हणाला, आजी, तुम्हाला समजत नाही. एक इंजेक्शन तेवढं दिलं त्यांनी, वाटेपुरतं, ते मात्र दिलं, खोटं कशाला बोलू. मग पुन्हा जीपमध्ये, पुन्हा रस्ता, सासूबाईंच्या मांडीवर तिचं डोकं, आणि ह्या सारख्या तिच्या नाकापुढे बोट धरताहेत. ट्रस्टच्या दवाखान्यात घेतलं मग. त्यांच्याकडे असल्या पेशंटसाठी वेगळं मशीन होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काही विचारलं नाही, आधी लावलं तिला. तिथेच जाते ती अजून.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर होती, बोलत होती. डॉक्टरीणबाई आल्या खाटेपाशी, आम्ही सगळे उभे — सासूबाई, कृतिका, हे, मी. त्या म्हणाल्या, किडनी आज ना उद्या जायच्याच होत्या, पण काल जे झालं ते पोटॅशियमने, केळी किंवा शहाळी खूप घेतली का? आणि सासूबाई पटकन म्हणाल्या, रोज एक देते मी शहाळं, ताकदीला. अहो, एवढ्या कौतुकाने म्हणाल्या! डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्या काही बोलायच्या आत जयवंती — नाकात नळी, ओठ सुकलेले — म्हणाली, एकाने काय होतंय, डॉक्टर, मी दुपारी आणखी तीन-चार चोरून प्यायचे. तहान सहन होत नव्हती. मला नको म्हणून सांगितलेलं, तरी प्यायचे. आईंना माहीत नाही.

झालं. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आणि कृतिका — ती पोर अशी बघत राहिली आईकडे. म्हणाली, बाबा गेले, तू पण जायला निघालीस, एका शहाळ्यासाठी? आणि बाहेर निघून गेली. त्यानंतर कितीतरी महिने आईशी धड बोलली नाही. अजून सुद्धा बोलते ते तुटक. पाण्याचं भांडं भरते तेव्हा त्याच्यावरच्या मापाच्या रेघेला डोळा लावून बघते, जास्त गेलं का. पोटची पोर आपल्या आईवर पहारा करते. आणि जयवंती ते पण घेते ऐकून.

आता तुम्ही विचाराल, तुला काय माहीत, प्यायली असेल. नाही हो! शहाळी मी उतरवून घेते, मी लावते, मी देते. दुपारी तीन-चार शहाळी सोलायची म्हणजे करवंट्या कुठे टाकल्या? कोयता घेऊन सोलताना कोणाला आवाज नाही आला? मी विचारलं तिला, खाटेजवळ दोघीच होतो तेव्हा. म्हटलं, जयवंती, खोटं का बोललीस? तिने माझा हात धरला आणि आधी शपथ घातली. कृतिकाची. मग म्हणाली, ताई, मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. मुंबईच्या बाईंनी शहाळ्याचं नाव घेऊन सांगितलं होतं, एकदा नाही, तीनदा वदवून घेतलं माझ्याकडून. मी म्हटलं, अगं बाई, मग सांगायचंस! नको म्हणायचंस! डायलिसिसचा माणूस दारात येऊन गेला, नर्स पडदा लावून गेली, आणि मग ही म्हणते — त्या सात वर्षांनी माझ्यापुढे पेला घेऊन उभ्या राहिल्या, ताई. मी नको म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, ही अजून राग धरून आहे. आणि परत नसता आला तो पेला. मी म्हटलं, ओतून द्यायचास. तर म्हणते, समोर उभ्या असायच्या. आणि मग म्हणाली — हे मला विसरता येत नाही — म्हणाली, पेला घेऊन जाताना त्यांचा हात लागायचा माझ्या हाताला. रोज.

हातासाठी प्यायली हो ती. काय म्हणायचं ह्याला? शहाणपण म्हणायचं की वेड? मी शिव्या दिल्या तिला, तिथेच, हळू आवाजात. मूर्ख म्हटलं. मुलगी आहे तुला, म्हटलं. ती म्हणाली, म्हणूनच कृतिकाला खरं कळता कामा नये, ती आजीला कधी माफ करायची नाही. आणि आईंना तर नाहीच. एक मुलगा गेला त्यांचा, वर हे कशाला. मला चोर म्हणू देत, त्याने माझं काय जातं?

तिचं काही जात नाही, माझं जातं ना! दोन वर्षं मी हे पोटात घेऊन फिरतेय. त्या चोरटी म्हणाल्या की माझ्या हातातलं भांडं आपटतं. आज तर तिला पायरी उतरता येत नव्हती, ह्यांनी उचलून रिक्षात ठेवली, आणि वरून तो ओरडा — आणि समोर तुम्ही, परक्या. तुम्ही तिच्याकडे बघितलंत ना, त्या नजरेने — मला वाटलं, तुम्हाला तरी सांगावं. एका माणसाला तरी खरं माहीत असू दे ह्या जगात. उद्या ती नसली तर मी कोणाला सांगू, आणि सांगून काय? लोक म्हणतील, रंभा आता सासूवर ढकलते. सासूबाईंची काय चूक हो त्यात? त्यांनी तर माया केली. उशिरा केली, पण केली. आणि तीच नेमकी विष व्हावी तिला, आणि हिने ते जाणून, रोज सकाळी, हसून —

काय झालं? अशा काय बघताय? माझ्याकडे बघा ना, मागे काय —

आई.

तुम्ही देवळात होतात ना? कधी आलात? मागच्या बाजूने का आलात, तिथे सगळा चिखल आहे. नाही, काही नाही, ह्या ताई शहाळ्यांना आल्यात, एव्हरशाईनहून, मी आपली उगाच — आई, खांब सोडू नका. बसा. तिथेच बसा पायरीवर, पडाल. पदर ओला झालाय तुमचा. मी असंच बोलत होते, मला मेलीला काही —

काय?

...

हो.

हो, आई. माहीत होतं तिला. पहिल्या दिवसापासून.

...

ताई, तुम्ही निघा आता. पिशवी राहू दे, नंतर या, नाहीतर नका येऊ, पण आता जा. जा म्हणते ना. फाटक नुसतं लोटा.

आई? अहो, बोला ना काहीतरी. आई —